सियागंजात मिळेल असा नट

रामबागेत, चष्म्याच्या दुकानावर एक खोली.
भाडं सहा हजार, पंखा स्वतःच्या मर्जीचा.
जिना चढताना रोज दिसायचा तो तक्ता:
वर एक ठळक अक्षर, तळाशी मुंग्या.
आम्ही तिघं, लॅपटॉप अडीच,
कारण हुझेफाचं एन बटण दोनदा दाबावं लागे,
आणि भिंतीवर खडूनं एकच प्रश्न,
कशात लिहायचं?

काय लिहायचं ते केव्हाच ठरलं होतं.
भंवरकुआला डबे पोचवणाऱ्या बायांचा हिशेब:
कोण सुट्टीत खरगोनला गेलं,
कोणाचे मार्चचे पैसे राहिले,
कोणाला गुरुवारी साबुदाणा.
लोकमान्य नगरातल्या नलूताई शेवडे
हे सगळं कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीनं ठेवतात
आणि कधी चुकत नाहीत,
हे आमच्या धंद्याचं दुर्दैव.

निषाद म्हणाला, नवंच घेऊ.
या हिवाळ्यात आलंय, वाऱ्यासारखं पळतं,
माहितीची पानं अजून लिहितायत लोक.
एका रात्रीत त्यानं करून दाखवलं.
डबा सुटावा तसं अलगद उघडलं ते पान,
वरचा पुडा, मधला, खालचा,
वाफ तेवढी यायची राहिली.

मी जुनं सुचवलं, पीएचपीचं,
आवाज इतका उतरवून
जणू स्थळ चांगलं आहे, मुलाला फक्त टक्कल आहे.

मग रकाने आखले. वेग. शिकायला लागणारे दिवस.
इंदूरात माणूस मिळेल का, आणि कितीला.
गुण देताना ज्यानं त्यानं
आपापल्या पोराला झुकतं माप दिलं.

नलूताईंच्या फोनवर निषादचं पान
पांढरंच राहिलं. मी मनात मोजलं, अकरापर्यंत.
त्यांनी फोन पदरानं पुसला,
पुन्हा डोळ्यांजवळ धरला.
"काच खराब असेल हो माझी," म्हणाल्या.
हे वाक्य कुठल्या रकान्यात लिहायचं, मला कळेना.

खोटं कशाला सांगू, निषादनं ते दोन दिवसांत सुधारलं.
अकराचे चार झाले. चार चालले असते.

हुझेफा तोवर गप्प होता.
त्याच्या अब्बांचं सियागंजात नटबोल्टचं दुकान,
लहानपणापासून त्याच्या खिशाला ग्रीसचा वास.
म्हणाला, "भिया, नट असा घ्यावा
जो रविवारी, शटर अर्धं पडलेलं असताना,
आपण इथे नसलो तरी
दुसऱ्या कोणालाही मिळेल."

मला ते नटाबद्दलच वाटलं.
निषाद मात्र उठून खिडकीशी गेला.
खाली चष्मेवाला कोणाला तरी विचारत होता,
आता नीट दिसतंय, का आधी नीट होतं?
आता, का आधी?

पाठमोराच म्हणाला,
"पुण्याचं बोलावणं आहे. जुलैपासून.
मंगळवारीच आलं."
तो दिवस शनिवार होता.

जुनं घ्यायचं हे मग दोन मिनिटांत ठरलं.
जिंकल्यासारखं काही वाटलं नाही.
ते उभं करायलाही निषादच बसला,
नाक मुरडत, रात्री तीनपर्यंत,
आणि ओळीओळीशेजारी मराठीत टिपा लिहीत गेला:
इथे पैसे मोजले जातात, सावकाश.
हे विचित्र दिसतं, पण राहू द्या.
इथे अडलात तर हुझेफाला विचारा, मला नको.
शेवटचे दोन शब्द खोडून
त्यानं पुन्हा लिहिले होते.
जुन्या नोंदी उघडल्या की दिसतं.

आता सदतीस बाया आहेत आमच्याकडे.
नवा पोरगा ठेवलाय, देवासहून येऊन-जाऊन करतो.
पहिल्याच दिवशी तासाभरात त्यानं एक चूक पकडली,
तीही माझी.
निषादचं ते पान मी पुसलेलं नाही.
कधी खोलीत एकटं असताना उघडते,
माझ्या फोनवर लगेच उघडतं.

नलूताई सगळं आमच्यातच भरतात.
आणि कॅलेंडरच्या पाठीवरही.
तुमचं बरोबर येतंय ना, म्हणाल्या,
ते बघायला.